फिनलंड मंदीत आहे की वाढायचाच थांबलाय?

तुम्ही लिहिलंय की टाम्परेच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची ऑफर हातात आहे, पण बातम्या उघडल्या की एकीकडे ‘फिनलंड पुन्हा मंदीत’, दुसरीकडे ‘पंधरा वर्षं वाढ शून्य’ आणि तिसरीकडे ‘जगातला सर्वांत आनंदी देश’. पिंपरीतली बरी चाललेली नोकरी सोडून बुडत्या देशात कशाला जातोस, असं वडील विचारतायत. आणि तुमचा प्रश्न असा, की ही मंदी संपणार कधी, आणि इतक्या मंद्या सोसूनही हा देश श्रीमंत राहिला कसा?

मी हेलसिंकीत एका बँकेच्या कर्जविभागात काम करते. निर्यात करणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपन्यांच्या फायली माझ्याकडे येतात. सात-आठ वर्षांचं कर्ज मंजूर करायचं तर तेवढ्या काळात या देशाचं काय होईल याचा काहीतरी अंदाज बांधावाच लागतो. तेव्हा हे उत्तर प्राध्यापकाचं नाही, वसुलीची काळजी असलेल्या बाईचं आहे असं समजून वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात. मंदी म्हणजे देशाचं एकूण उत्पादन (जीडीपी) आधीच्या पातळीवरून खाली जाणं. सलग दोन तिमाही घट झाली की वर्तमानपत्रं ‘मंदी’ म्हणून मोकळी होतात. दीर्घकालीन वाढ म्हणजे वीस-तीस वर्षांच्या काळात दर माणशी उत्पादन सरासरी किती वेगाने वर गेलं ते. आलेख काढलात तर मंदी हा खड्डा दिसेल आणि वाढ हा चढ. एखाद्या देशाला खोल खड्डे पडूनही त्याचा एकूण चढ चांगला उभा असू शकतो. उलट खड्डे उथळ असले तरी रस्ता सपाटच राहिला, असंही होतं. फिनलंडने दोन्ही करून दाखवलंय: २००८ पर्यंत पहिलं, त्यानंतर दुसरं. म्हणून ‘मंदी कधी संपेल’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. २००८ नंतर इथे मंद्या आल्या तशा गेल्याही. परत आला नाही तो चढ.

आधी आकड्यांबद्दल, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. हा ५६ लाख लोकांचा देश आहे, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून जेवढी वस्ती होते त्याहूनही कमी. इतक्या लहान अर्थव्यवस्थेत एकेक सौदा आकड्यांत दिसतो. तुर्कूच्या गोदीत जगातली सर्वांत मोठी पर्यटक जहाजं बांधतात. ‘आयकॉन ऑफ द सीज’ नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथूनच मालकाच्या ताब्यात गेलं. असं एक जहाज सुपूर्द झालं की त्या महिन्याची निर्यात एकदम उसळते आणि पुढच्या महिन्यात ‘निर्यात कोसळली’ अशी बातमी येते. बांधणीचं काम मात्र दोन-तीन वर्षं रोज चाललेलं असतं. शिवाय इथलं सांख्यिकी कार्यालय तिमाही आकडे नंतर सुधारतं. उणे ०.१ चं अधिक ०.२ होतं, आणि कागदोपत्री मंदी मागाहून नाहीशी होते. तिमाहीच्या आकड्यावर मी कधी कर्ज नाकारलेलं नाही. मी तीन गोष्टी बघते: दरडोई उत्पादन, कामाच्या एका तासामागे होणारं उत्पादन आणि देशात एकूण किती तास काम झालं.

आता श्रीमंतीचं. १८६६ ते १८६८ या वर्षांत इथे मोठा दुष्काळ पडला. पाइनच्या सालीचं पीठ मिसळून भाकरी करत होते लोक, आणि १८६८ या एका वर्षात लोकसंख्येतले सुमारे ८ टक्के गेले. युरोपातल्या गरीब कोपऱ्यांपैकी हा एक. तिथून पुढच्या दीडशे वर्षांत दरडोई उत्पादन वर्षाला सरासरी सुमारे २ टक्क्यांनी वाढत गेलं. आकडा किरकोळ वाटतो, पण २ टक्के चक्रवाढीने दर ३५ वर्षांनी दुप्पट होतात. दीडशे वर्षांत जवळपास २० पट. इथे चमत्कार असा काही घडला नाही. खड्डे पडूनही सरासरी टिकली, एवढंच.

ती टिकली त्याला कारणं आहेत. जंगल होतं, हे सगळे सांगतात. पण जंगलं पुष्कळ देशांत असतात. इथल्या जंगलाचा मोठा हिस्सा शेतकरी कुटुंबांच्या मालकीचा होता, आणि आजही तो खासगी कुटुंबांकडेच आहे. लाकडाला भाव आला तेव्हा पैसा एखाद्या जमीनदाराच्या तिजोरीत न जाता गावोगावी पोचला. त्यातून मुलांची शाळा झाली, घोड्याच्या जागी ट्रॅक्टर आला. करवतगिरण्यांतून लगदा, लगद्यातून कागद, कागदाच्या कारखान्यांना लागतात म्हणून यंत्रं, असा हा प्रवास आहे. तुमचं टाम्परे १८२० मध्ये सुरू झालेल्या फिनलेसनच्या सूतगिरणीभोवती वाढलं. शहराच्या मधोमध धबधब्यासारखी कोसळणारी नदी आहे, तिच्या पाण्यावर गिरणी चाले.

दुसरं कारण दुसऱ्या महायुद्धानंतरचं. १९४४ च्या तहात सोव्हिएत संघाने ३० कोटी डॉलरची खंडणी लादली, १९३८ च्या भावांनी. पुढे ती थोडी कमी झाली. पूर्वेचा कारेलिया प्रांत सोव्हिएतकडे गेला, तिथून आलेल्या चार लाखांहून जास्त माणसांना जमिनी द्यायच्या होत्या, आणि मॉस्कोच्या धाकाने अमेरिकेच्या मार्शल योजनेची मदतही नाकारावी लागली. खंडणी पैशात नव्हे, मालात मागितली होती, आणि त्यात जहाजं, इंजिनं, यंत्रं यांचा भरणा मोठा होता. जे बनवायची पुरेशी क्षमता देशात नव्हती ते मुदतीत बनवून द्यायचं होतं. दिलं. १९५२ च्या सप्टेंबरात शेवटचा माल सीमेपलीकडे गेला. तोवर धातुउद्योग उभा राहिला होता आणि गिऱ्हाईकही ओळखीचं झालं होतं. खंडणी हे वरदान होतं असं इथले काही लोक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. तेवढंच पोलाद आणि तेवढेच कामाचे तास घरं बांधायला वापरले असते तर लोक लवकर सुखी झाले असते. पण कारखाने राहिले हे खरं.

पुढची चाळीस वर्षं दोन सवयींची. पहिली सवय सोव्हिएत व्यापाराची. पाच-पाच वर्षांचे करार, तेलाच्या बदल्यात जहाजं, बूट, कपडे, यंत्रं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निर्यातीचा चौथा हिस्सा तिकडे जात होता. दुसरी सवय अवमूल्यनाची. मजुरी आणि महागाई वाढत जायची, कागद परदेशात महाग पडायला लागायचा, मग सरकार मार्काची, म्हणजे इथल्या तेव्हाच्या चलनाची, किंमत उतरवायचं आणि गिरण्या पुन्हा चालू लागायच्या. १९४९, १९५७, १९६७, सत्तरच्या दशकाची अखेर, १९८२. जवळजवळ दर दहा वर्षांनी. कारखानदार खूश, पगारदाराच्या खिशाला मात्र दरवेळी कात्री. तरी या काळात चढ उभाच राहिला, कारण शेतातली माणसं कारखान्यात आणि कारखान्यातल्यांची मुलं विद्यापीठात जात होती.

आता १९९० ची महामंदी. इथे जरा थांबते, कारण आजही माझ्या बँकेतले जुने सहकारी कर्जाच्या बैठकीत जे नियम सांगतात त्यातले निम्मे त्या चार वर्षांत लिहिले गेलेत.

१९८० च्या दशकाच्या मध्यात बँकांवरची बंधनं उठली. तोवर घरासाठी कर्ज हवं तर आधी वर्षानुवर्षं बचत दाखवावी लागे. आता बँकाच गिऱ्हाइकांच्या मागे लागल्या. घरं, जमिनी, शेअर, सगळ्यांचे भाव चढले. आणि परदेशी चलनातलं कर्ज मिळू लागलं. त्याचा हिशेब बघा. समजा १९९० मध्ये एका दुकानदाराने १० लाख मार्का उभे केले, पण जर्मन चलनात, कारण मार्कातल्या कर्जापेक्षा तिकडचं व्याज बरंच कमी. एक जर्मन मार्क तेव्हा साधारण २.४ फिनिश मार्कांना पडायचा. सरकार सांगत होतं की या वेळी अवमूल्यन होणार नाही, आणि १९८९ मध्ये तर मार्काची किंमत उलट वाढवली होती. नोव्हेंबर १९९१ मध्ये मार्का १२.३ टक्क्यांनी उतरवावा लागला. सप्टेंबर १९९२ मध्ये तो बाजारावर सोडून दिला. १९९३ च्या सुरुवातीला जर्मन मार्क साडेतीनच्या आसपास होता. दुकानदाराने एक पैसाही जास्त न घेता त्याचं कर्ज साडेचौदा लाखांवर गेलं. दुकानाच्या गाळ्याची किंमत तोवर घसरलेली, बँकेला तारण अपुरं वाटू लागलेलं, आणि गिऱ्हाईक बेरोजगार. असे हजारो दुकानदार, हॉटेलवाले, छोटे कारखानदार बुडाले. काहींची कर्जं विसाव्या वर्षीही फिटली नव्हती.

त्यातच सोव्हिएत संघ कोसळला. १९९० मध्ये निर्यातीचा सुमारे आठवा हिस्सा तिकडे जात होता, त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास एका वर्षात गेला. लोक सगळा दोष यालाच देतात. माझं मत वेगळं आहे. सोव्हिएत धक्का एकटा आला असता तर साधी मंदी झाली असती. तिची महामंदी झाली ती कर्जामुळे, आणि मार्का वाचवण्यासाठी दोन वर्षं व्याजदर आभाळाला भिडवून ठेवल्यामुळे. शेजारच्या स्वीडनचा सोव्हिएतशी फारसा व्यापार नव्हता. तरी तिथेही त्याच सुमारास बँका बुडायला आल्या, कारण कर्जाचा फुगा तिथेही तसाच होता.

परिणाम असा: १९९१ या एका वर्षात उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घसरलं, तीन वर्षांत मिळून १० टक्क्यांहून जास्त. बेरोजगारी १९९० मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास होती, १९९४ मध्ये १७ च्या घरात गेली. महागाई वजा केली तर घरांच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या. स्कोपबँक नावाची बँक देशाच्या मध्यवर्ती बँकेला ताब्यात घ्यावी लागली. हेलसिंकीत फुकट अन्नाच्या रांगा लागल्या, त्या आजही लागतात. खड्डा म्हणून बघितलं तर शांततेच्या काळात एखाद्या श्रीमंत देशाला पडलेल्या सर्वांत खोल खड्ड्यांपैकी हा एक.

आणि तरीही १९९४ पासून २००० पर्यंत अर्थव्यवस्था वर्षाला साडेचार-पाच टक्क्यांनी वाढली. दरडोई उत्पादन सहा-सात वर्षांत जुन्या पातळीवर आलं आणि पुढे निघून गेलं.

कसं? मार्का स्वस्त झाल्याने कागद आणि यंत्रं पुन्हा विकली जाऊ लागली, हे एक. दुसरं असं की महामंदी चालू असतानाच पुढच्या उद्योगाची पेरणी होऊन गेली होती. जीएसएम या डिजिटल मोबाइल पद्धतीवरचा जगातला पहिला व्यावसायिक कॉल १ जुलै १९९१ ला लागला, म्हणजे उत्पादन ६ टक्क्यांनी कोसळलं त्याच वर्षी. हेलसिंकीहून माजी पंतप्रधान हार्री होल्केरींनी तो लावला, आणि उचलला टाम्परेच्या उपमहापौर बाईंनी. १९९२ मध्ये यॉर्मा ओल्लीलांनी नोकियाची सूत्रं घेतली आणि रबर, केबल, टीव्ही सगळं सोडून फोनवर लक्ष दिलं. कारखान्यांना लागणारे इंजिनिअर टाम्परे, ओउलू, एस्पोच्या विद्यापीठांतून तयार होऊन बसले होते, कारण आधीच्या दोन दशकांत त्या शिक्षणावर खर्च झाला होता. सरकारने बाकी सगळीकडे कात्री लावली, पण संशोधनाचा पैसा वाचवला आणि १९९६ नंतर तर वाढवला. १९९५ मध्ये युरोपीय संघातही प्रवेश झाला.

आकड्यांच्या मागे माणसं होती हेही सांगायला हवं. उत्पादन सावरलं तरी बेरोजगारी २००० सालीही १० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. पन्नाशीतला बूट कारखान्याचा कामगार नोकियात जाऊ शकत नव्हता. तो कायमचाच बाहेर राहिला.

२००० साली नोकिया एकटी देशाच्या उत्पादनाचा सुमारे ४ टक्के आणि निर्यातीचा पाचवा हिस्सा होती. हेलसिंकी शेअर बाजाराच्या किमतीत तर तिचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास. मी हे आकडे नव्या सहकाऱ्यांना आवर्जून दाखवते, कारण पुढच्या पंधरा वर्षांचं उत्तर यातच आहे. देशाची सरासरी उत्पादकता झपाट्याने वाढताना दिसत होती, पण त्या सरासरीचा मोठा भाग एका उद्योगाचा, आणि त्या उद्योगातली एकच कंपनी. बाकी देश बेताने वाढत होता.

मग २००८. जगभर यंत्रांच्या ऑर्डरी थांबल्या. फिनलंड जगाला यंत्रंच विकतो, त्यामुळे २००९ मध्ये उत्पादन सुमारे ८ टक्क्यांनी पडलं, अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त. इथपर्यंत हा नेहमीसारखा खड्डाच होता. बँका धडधाकट होत्या, कारण १९९० चा मार सगळ्यांच्या लक्षात होता. २०१० आणि ११ मध्ये थोडी वाढही झाली. आणि मग २०१२, १३, १४ अशी सलग तीन वर्षं पुन्हा घट. दरडोई उत्पादन २००८ च्या पातळीवर परत यायला दहा वर्षांच्या आसपास लागली. १९९० नंतर खड्डा अधिक खोल होता, तरी लागली होती सहा-सात.

कारण या वेळी एकाच वेळी तीन-चार गोष्टी निकामी झाल्या. नोकियाचे फोन स्मार्टफोनच्या लाटेत वाहून गेले, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये तो धंदा मायक्रोसॉफ्टला विकल्याची घोषणा झाली. सालो नावाचं गाव आहे, तुर्कूच्या वाटेवर. तिथे नोकियाचा फोन कारखाना होता, तो २०१२ मध्ये बंद झाला. मग उरलेला संशोधन विभाग मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये बंद करायला घेतला. नगरपालिकेचं कर-उत्पन्न डोळ्यांदेखत आटलं. दुसरा घाव कागदाला. लोक वर्तमानपत्र फोनवर वाचू लागले आणि छापायच्या कागदाची मागणी कायमची घटली. यॅमसाजवळच्या कैपोलाची गिरणी, केमीची वेइत्सिलुओतोची गिरणी, एकामागून एक बंद. गंमत बघा, जो फोन विकून देश श्रीमंत झाला त्याच्याच भाऊबंदांनी कागद खाल्ला.

तिसरी गोष्ट वयाची. युद्धानंतर, १९४५ ते ५० मध्ये जन्मलेली मोठी पिढी २०१० च्या आगेमागे एकदम निवृत्त झाली आणि काम करण्याच्या वयाची लोकसंख्या घटू लागली. त्याच वर्षापासून जन्मदरही पडत गेला. २०१० मध्ये दर स्त्रीमागे १.८७ मुलं होती, २०२३ मध्ये १.२६. हा आकडा मी खड्ड्यात धरत नाही, चढाच्या उतरणीत धरते.

चौथी गोष्ट मजुरी आणि चलन. २००७ च्या शरदात कामगार संघटनांनी भरघोस वाढीचे करार केले. दोष कुणाचा नाही, तेव्हा तेजी होती. वर्षभरात बाजार पडला आणि फिनिश माल महाग ठरला. पूर्वी असतं तर अवमूल्यन झालं असतं. आता युरो. मग २०१६ मध्ये संघटना, मालक आणि सरकारने मिळून स्पर्धाक्षमतेचा करार केला: वर्षाला २४ तास जादा काम, त्याचा पगार नाही, आणि सरकारी नोकरांचा सुट्टीचा बोनस तीन वर्षं कापलेला. अवमूल्यनात पगार न बोलता कापला जातो, इथे सही घेऊन कापला. पुढची दोन वर्षं वाढ बरी झाली, पण त्यात जगातल्या तेजीचा वाटा किती आणि कराराचा किती, यावर इथे अजून भांडणं होतात.

मग युरोमुळेच सगळं बिघडलं का? स्वीडनने २००३ मध्ये जनमत घेऊन युरो नाकारला आणि २००९ नंतर तो लवकर सावरला, हे दाखवून पुष्कळ लोक तसं म्हणतात. स्वतःचं चलन असतं तर २००९ ते १५ हा काळ सोपा गेला असता हे मी मान्य करते. पण डेन्मार्कने आपला क्रोन युरोलाच बांधून ठेवलाय आणि तो देश मजेत आहे, कारण तिथली औषधं जगभर विकली जातात. स्वस्त मार्क्याने नोकियाचा जुना फोन कुणी पुन्हा विकत घेतला नसता. चलन खड्ड्यातून वर यायला मदत करतं. चढ हवा तर विकायला नवं काही लागतं.

अलीकडच्या वर्षांवर फार वेळ घालवत नाही. कोविडचा खड्डा उथळ होता. २०२२ मध्ये रशियाशी व्यापार जवळजवळ संपला, आणि २०२३ च्या अखेरीस पूर्व सीमाही बंद झाली. लाप्पेनरांतासारख्या सीमेवरच्या गावांचा रशियन गिऱ्हाइकांवरचा धंदा बसला. तरी देशपातळीवर जास्त लागलं ते व्याज. इथली बहुतेक गृहकर्जं युरिबॉरला, म्हणजे युरोपातल्या बँका एकमेकींना ज्या व्याजाने कर्ज देतात त्या दराला, जोडलेली असतात आणि दर वर्षी नव्याने ठरतात. बारा महिन्यांचा युरिबॉर २०२१ च्या अखेरीस शून्याखाली होता, २०२३ च्या शरदात चारच्या वर. दोन वर्षांत हप्ता इतका वाढला की लोकांनी घर घेणं सोडलं आणि नव्या घरांची बांधणी निम्म्याहून खाली आली. २०२३ मध्ये उत्पादन सुमारे १ टक्क्याने घटलं, त्यानंतरचं वर्ष जवळपास सपाट. २०२५ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांच्या घरात पोचली. सरकारकडे पूर्वीसारखी ऐपतही नाही. २००८ मध्ये सरकारी कर्ज उत्पादनाच्या एक तृतीयांश होतं, आता ८० टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणून सप्टेंबर २०२४ पासून मूल्यवर्धित कर २५.५ टक्के झालाय.

यातला व्याजाचा भाग हा खड्डा आहे, तो भरतो. वय, उत्पादकता आणि सरकारी कर्ज हा चढाचा प्रश्न आहे, तो एखाद्या तिमाहीत सुटायचा नाही. चांगल्या बाजूला वीज ठेवते. ओल्किलुओतोची तिसरी अणुभट्टी चौदा वर्षांच्या उशिराने का होईना २०२३ मध्ये चालू झाली, पवनचक्क्या झपाट्याने वाढल्या, आणि उद्योगाला इथे युरोपातल्या स्वस्त विजेपैकी वीज मिळते. सगळ्या पक्षांनी मिळून २०३० पर्यंत संशोधनावरचा खर्च उत्पादनाच्या ४ टक्क्यांवर न्यायचं ठरवलंय. १९९६ सारखं त्याला फळ येईल का, हे विद्यापीठांतून माणसं किती बाहेर पडतात आणि बाहेरून आलेली किती टिकतात यावर अवलंबून आहे. त्यात तुम्हीही आलात.

आणि बुडता देश म्हणाल तर नाही. वाढ थांबली म्हणजे आधीची २० पट कुठे गेली नाही. शाळा, दवाखाने, वेळेवर येणारी ट्राम, सगळं त्या जुन्या चढाचं संचित आहे. फक्त ते राखायचा खर्च दरवर्षी वाढतोय आणि उत्पन्न तेवढं वाढत नाही.

तुमच्या ऑफरबद्दल मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही, कारण ते देशापेक्षा कंपनीवर अवलंबून आहे. टाम्परेत बनणारी खाणीची आणि कारखान्यांची यंत्रं फिनलंडमध्ये फार थोडी विकली जातात. अशा कंपन्यांना हेलसिंकीतली घरबांधणी बसल्याने फरक पडत नाही, चिली आणि ऑस्ट्रेलियातल्या खाणींनी खरेदी थांबवली तर पडतो. कंपनी बांधकामासाठी किंवा फक्त देशातल्या बाजारासाठी माल बनवत असेल तर मी जपून पाऊल टाकेन. नवरा-बायको दोघांना नोकरी लागेल असं गृहीत धरूनही येऊ नका. फिनिश भाषा न येणाऱ्या जोडीदाराला सध्याच्या बाजारात वर्ष-दोन वर्षं सहज लागतात.

इथे मागणी घटली की कंपनी बहुधा आधी ‘लोमाउतुस’ करते, म्हणजे नोकरी राहते पण काही आठवडे किंवा महिने बिनपगारी घरी बसवतात. त्या काळात बेरोजगारी भत्ता मिळतो, पण पगाराच्या प्रमाणात हवा तर बेरोजगारी निधीचं सभासद असावं लागतं आणि सभासद म्हणून वर्षभर काम झालेलं असावं लागतं. म्हणून पहिल्याच महिन्यात सभासद व्हा. वर्क परमिटवर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला ठरावीक महिनेच मिळतात. ते नियम अलीकडे कडक झालेत, सही करण्याआधी इमिग्रेशन कार्यालयाच्या पानावर ताजे बघून घ्या.

मुलाखत घेणाऱ्यांना दोन गोष्टी सरळ विचारा: विक्रीतला किती भाग फिनलंडबाहेर जातो, आणि मागच्या दोन वर्षांत लोमाउतुस झालं होतं का. इथे असे प्रश्न उद्धट समजले जात नाहीत. उत्तर मोघम आलं आणि कंपनी शेअर बाजारात असेल, तर तिचे तिमाही अहवाल इंग्रजीत मिळतात. त्यात आलेल्या नव्या ऑर्डरी आणि झालेली विक्री हे आकडे शेजारी-शेजारी दिलेले असतात. गेल्या चार तिमाहींत ऑर्डरी विक्रीपेक्षा जास्त असतील तर मी सही केली असती.